सिरिअल पोर्टवरील संज्ञापन : बाइटांचा प्रवाह आणि एककांच्या सीमा

भाषाविज्ञानाच्या संशोधन-पत्रिकेत संगणकाच्या एका तारेविषयी लेख यावा, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विषयांतर वाटेल. परंतु आपल्या विषयाचा काही भाग आता प्रयोगशाळेत जाऊन बसला आहे. पडद्यावर अक्षरसमूह दिसताच तो भाषेतला शब्द आहे की नाही हे ठरवून कळ दाबावयाची, आणि त्या निर्णयास लागलेला वेळ मोजावयाचा, या प्रकारच्या प्रयोगांवर प्रबंध उभे राहतात. दोन शब्दवर्गांमधील वेळेचा फरक पुष्कळदा २०-३० मिलिसेकंदांहून अधिक नसतो, आणि तेवढ्या फरकाच्या आधारावर मनातील शब्दकोशाच्या रचनेविषयी विधाने केली जातात. कळ असलेली पेटी आणि संगणक यांच्यामध्ये असते ती एक तार, आणि त्या तारेवरून आलेले वाचणारा दहा-बारा ओळींचा एक प्रोग्राम. तो बहुधा विद्यार्थ्याने आपल्या आधीच्या विद्यार्थ्याकडून जसाच्या तसा घेतलेला असतो. तो चालतो, आकडे येतात, आणि ते कसे आले याची चौकशी करण्याचे कारण कोणास पडत नाही.

या दहा-बारा ओळी ज्या लायब्ररीच्या आधारे लिहिल्या जातात ती बहुतेक ठिकाणी 'पायसिरिअल' ही असते. पायथन भाषेसाठी क्रिस लिएख्टी यांनी ती २००१ पासून विकसित केली आणि ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. पुढील विवेचन तिच्यापुरतेच आहे. परंतु त्यातील मुख्य मुद्दा कोणत्याही भाषेतील अशा लायब्ररीस लागू पडावा. तो मुद्दा असा की, ही लायब्ररी आपणांस केवळ बाइट देते. अक्षर कोठे संपले, निरोप कोठे संपला आणि घटना केव्हा घडली, हे ती सांगत नाही. या तिन्ही सीमा वाचणाऱ्याने स्वतः घालावयाच्या असतात. आणि त्या चुकीच्या घातल्या तर प्रत्येक वेळी दोषसूचना मिळतेच असे नाही.

प्रथम तारेविषयी थोडेसे. सिरिअल म्हणजे एकामागून एक. संगणकाच्या आत आठ बिट आठ मार्गांनी एकाच वेळी जाऊ शकतात. या तारेवर मात्र ते एकाच मार्गाने क्रमाने जातात. सोस्यूरने ध्वनिरूपाचे जे एकरेषीयत्व सांगितले त्याची येथे आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. उपमा फार ताणू नये हे खरे. पण एका बाबतीत ती उपकारक आहे. अखंड बोलण्याच्या ध्वनिप्रवाहात ज्याप्रमाणे शब्दाशब्दांमध्ये रिकामी जागा नसते, आणि तरीही श्रोता शब्द वेगळे करतो, त्याचप्रमाणे या तारेवरील प्रवाहातही निरोपानिरोपांमध्ये कोणतीही नैसर्गिक खूण नसते.

या पद्धतीचे प्रमाणीकरण अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये 'आरएस-२३२' या नावाने केले. १९६९ ची तिची 'सी' आवृत्ती दीर्घकाळ प्रचारात राहिली. तीनुसार तारेवर ऋण ३ ते ऋण १५ व्होल्ट म्हणजे १, आणि धन ३ ते धन १५ व्होल्ट म्हणजे ०. तार निष्क्रिय असताना ऋण बाजूस असते. बाइट पाठवावयाचा झाला की प्रथम एक शून्य जाते. त्यास प्रारंभ-बिट म्हणतात. मग माहितीचे आठ बिट, सर्वांत कमी किमतीचा आधी. आणि शेवटी एक समाप्ति-बिट. म्हणजे आठ बिटांच्या माहितीसाठी दहा बिटांचा काळ खर्च होतो. गतीचे माप 'बॉड' हे फ्रेंच तारायंत्रज्ञ एमिल बोदो याच्या नावावरून आले आहे. ९६०० बॉड गतीस एका सेकंदात ९६० बाइट जातात, म्हणजे एका बाइटास एक मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

दोन्ही टोकांची घड्याळे स्वतंत्र असतात. घड्याळाचा ठोका तारेवरून जात नाही. प्रारंभ-बिट दिसला की ग्राहक यंत्र आपले घड्याळ त्या क्षणापासून मोजू लागते, एवढेच. म्हणूनच गती, बिटांची संख्या, समता-बिट आणि समाप्ति-बिट या चार गोष्टींविषयी दोन्ही टोकांचे आधीच एकमत असावे लागते. 'पायसिरिअल'मध्ये पोर्ट उघडताना हेच चार संकेत द्यावयाचे असतात. न दिल्यास ९६०० बॉड, आठ बिट, समता नाही आणि एक समाप्ति-बिट असे ती धरून चालते. गती चुकली तर निरर्थक बाइट येतात आणि दोष तत्काळ दिसतो. हे दोष उपकारक होत.

पोर्ट उघडण्यापर्यंतच्या अडचणी लहान आहेत. त्या लवकर सांगून टाकतो. लायब्ररी बसवताना 'पायसिरिअल' हे नाव वापरावयाचे, पण प्रोग्राममध्ये ती 'सिरिअल' या नावाने आणावयाची असते. 'सिरिअल' याच नावाचे दुसरे एक पॅकेज उपलब्ध असून त्याचा या विषयाशी संबंध नाही. स्वतःच्या फाइलीसही 'सिरिअल' हे नाव देऊ नये. दिल्यास पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलते. विंडोजवर पोर्टची नावे 'कॉम ३', 'कॉम ४' अशी असतात. लिनक्सवर नावाच्या प्रारंभी 'टीटीवाय' ही अक्षरे येतात. तो टेलिटाइप या जुन्या छपाईयंत्राच्या नावाचा अवशेष होय. उबुंटूवर वापरणाऱ्याचे नाव 'डायलआउट' या गटात नसेल, तर पोर्ट उघडण्याची अनुमती मिळत नाही. आर्डुइनो ऊनोसारख्या फलकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्ट उघडताच तो फलक पुन्हा आरंभापासून सुरू होतो आणि एक-दोन सेकंद ऐकत नाही. त्या अवधीत पाठविलेली पहिली आज्ञा वाया जाते.

खरा विषय वाचण्यापासून सुरू होतो. 'रीड' या क्रियेस किती बाइट हवेत ते सांगावयाचे. न सांगितल्यास ती एकच देते. त्याबरोबर 'टाइमआउट' म्हणजे प्रतीक्षेची मर्यादा ठरवावी लागते. मर्यादा दिलीच नाही तर मागितलेले सर्व बाइट येईपर्यंत प्रोग्राम अनिश्चित काळ थांबून राहतो. शून्य दिली तर जे हाती असेल ते, प्रसंगी काहीच नाही, घेऊन तो तत्काळ परततो. एक सेकंद दिली तर तेवढा वेळ वाट पाहून आलेले तेवढे देतो. यात गैर काहीच नाही. परंतु दहा बाइट मागून सात आले, तर लायब्ररी कोणताही दोष उठवीत नाही. सात बाइट शांतपणे हातात ठेवते. 'रीडलाइन' या क्रियेचेही तसेच आहे. ती ओळ संपल्याची खूण, म्हणजे १० या किमतीचा बाइट, येईपर्यंत वाचते. पण मधेच मर्यादा संपली तर अर्धी ओळ देऊन मोकळी होते. उरलेली अर्धी पुढच्या खेपेस नवी ओळ म्हणून येते. कळपेटीने '१४३७' हा काळ पाठविला आणि पहिल्या खेपेस '१४' व दुसऱ्या खेपेस '३७' मिळाले, तर दोन्ही आकडेच आहेत, दोन्ही तक्त्यात बसतात, आणि प्रयोग पुढे चालू राहतो. म्हणून 'रीडलाइन'ने दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी समाप्तीची खूण आहे की नाही हे पाहणे अनिवार्य आहे. नसेल तर तो तुकडा जपून ठेवून पुढच्या तुकड्यास जोडावा. ही तपासणी एका ओळीची आहे आणि वारसाहक्काने आलेल्या प्रोग्रामांत ती बहुधा आढळत नाही.

आता अक्षरांकडे वळू. येथे देवनागरी लिहिणाऱ्यास इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक सावध असावे लागते, आणि परकीय पाठ्यपुस्तके या बाबतीत आपल्या कामाची नाहीत. 'मराठी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत : म, रा, ठी. युनिकोडच्या दृष्टीने पाच चिन्हे आहेत, कारण दोन स्वरचिन्हे स्वतंत्र मोजली जातात. आणि यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात तारेवरून पंधरा बाइट जातात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. इंग्रजी अक्षरास एकच बाइट लागतो. तेथे बाइट म्हणजेच अक्षर असे समजून लिहिलेला प्रोग्राम वर्षानुवर्षे निर्दोष वाटू शकतो. भारतीय मानक १३१९४ (१९९१) अन्वये ठरलेल्या 'इस्की' संकेतनातही एका चिन्हास एकच बाइट होता. त्या काळी लिहिलेल्या प्रोग्रामांचे अनुभव आज तसेच लागू करणे धोक्याचे आहे.

समजा, कळपेटीकडून किंवा दुसऱ्या संगणकाकडून 'मान' हा शब्द येत आहे. त्याचे नऊ बाइट होतात : तीन 'म'चे, तीन कान्याचे, तीन 'न'चे. वाचताना पहिल्या खेपेस पाच आणि दुसऱ्या खेपेस चार आले. पहिल्या तुकड्यात 'म' पूर्ण आहे, पण काना तुटलेला आहे. बाइटांचे अक्षरांत रूपांतर करणारी पायथनची 'डीकोड' ही क्रिया येथे दोष दाखवून थांबते, आणि तिने थांबावे हेच योग्य. परंतु विद्यार्थी या दोषाने त्रासून जातो, आणि कोणीतरी त्यास उपाय सांगतो की, दोषांकडे दुर्लक्ष करावे असा पर्याय 'डीकोड'ला देता येतो. तो पर्याय दिला की पहिल्या तुकड्यातून 'म' मिळतो. काना टाकून दिला जातो. दुसऱ्या तुकड्यातील काना-शेष बाइटही टाकून दिला जातो. आणि 'न' मिळतो. हाती येतो तो शब्द 'मन'. याच रीतीने 'काळ'चे 'कळ' होईल. हे शब्द निरर्थक नाहीत. शब्दकोशात ते सापडतात, आणि नंतर कोणी तपासणी केली तरी संशय येणार नाही. इंग्रजीत बाइट गळाला तर अक्षर गळते आणि शब्द बहुधा विद्रूप दिसतो. आपल्या लिपीत स्वरचिन्ह गळले तर व्यंजन अंगभूत अकारासह शाबूत राहते, आणि दुसरा वैध शब्द तयार होण्याचा संभव पुष्कळच वाढतो. दोषांकडे दुर्लक्ष करण्याचा हा पर्याय प्रयोगशाळेतील प्रोग्रामांत मुळीच वापरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दोषाच्या जागी विशिष्ट खुणेचे चिन्ह घालण्याचा दुसरा पर्याय त्यापेक्षा बरा, कारण जखम दिसते. खरा उपाय म्हणजे पूर्ण ओळ हाती आल्याखेरीज रूपांतर करूच नये. अथवा पायथनमध्येच असलेला क्रमवर्धी रूपांतरक वापरावा, जो तुटलेले बाइट पुढचे येईपर्यंत स्वतःजवळ राखून ठेवतो.

पूर्ण ओळीपर्यंत थांबण्याचा हा उपाय यूटीएफ-८ मध्ये निर्धोक का आहे, हेही सांगितले पाहिजे. त्या संकेतनात बहुबाइटी चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. ओळ संपल्याची खूण १० ही आहे. ती कोणत्याही देवनागरी चिन्हाच्या पोटात येऊच शकत नाही. यूटीएफ-१६ मध्ये ही हमी नाही. तेथे देवनागरी चिन्हाचे दोन बाइट होतात. त्यांपैकी एक नेहमी ९ असतो व दुसरा चिन्हाप्रमाणे बदलतो. 'ऊ' या स्वराचा दुसरा बाइट नेमका १० आहे. अर्थात 'ऊस', 'ऊन' असे शब्द आले की 'रीडलाइन' स्वराच्या मध्यावर वा अंती ओळ तोडते. याहून चमत्कारिक प्रकार 'ओ'चा. तारेवरील वाहतूक थांबविण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची एक जुनी रीत आहे; तीत १९ हा बाइट 'थांबा' आणि १७ हा 'चालू करा' असे समजले जाते. यूटीएफ-१६ मध्ये 'ओ'चा बाइट १९ आणि 'ऑ'चा १७ येतो. ही रीत चालू ठेवून कोणी 'ओळ' हा शब्द पाठविला, तर ग्राहक संगणक त्यास आज्ञा समजून स्वतःचे पाठविणे थांबवील, आणि तो बाइट मजकुरातून गिळून टाकील. त्यामुळे पुढील सर्व बाइटांच्या जोड्या एकेक घराने सरकतील. पलीकडून एखादे 'ऑफिस' आले तर वाहतूक पुन्हा सुरू होईल! सुदैवाने 'पायसिरिअल'मध्ये ही रीत मुळात बंद असते. यूटीएफ-८ वापरावे आणि ती बंदच ठेवावी.

बिटांची संख्या आठऐवजी सात ठेवल्यास काय होते, हे एकदा मुद्दाम करून पाहण्यासारखे आहे. १९६३ च्या आस्की संकेतनास सातच बिट लागत, म्हणून जुन्या उपकरणांत ही मांडणी आढळते. वरचा बिट गेल्याने २२४ चे ९६, आणि १६४ चे ३६ होते. ३६ म्हणजे डॉलरचे चिन्ह. १६५ चे होते ते टक्क्याचे. सारा मराठी मजकूर डॉलर आणि टक्के यांनी भरलेला दिसला, की दोष कोठे आहे हे न विचारता समजावे.

तिसरी सीमा काळाची. येथेच प्रबंधाचे बरेवाईट ठरते. सामान्यतः प्रोग्राम असा लिहितात की, पडद्यावर शब्द दाखविल्यावर संगणकाचे घड्याळ वाचावयाचे, मग कळपेटीकडून काही येईपर्यंत थांबावयाचे, आणि आले की पुन्हा घड्याळ वाचावयाचे. या दुसऱ्या वाचनात काय काय मिसळलेले असते ते पाहा. बारा बाइटांचा निरोप ९६०० बॉडने यावयास १२.५ मिलिसेकंद लागतात. हा विलंब निदान स्थिर आहे, आणि गती ११५२०० केल्यास तो सुमारे एक मिलिसेकंदावर येतो. परंतु आज बहुतेक संगणकांवर जुने नऊ टाचण्यांचे सिरिअल तोंड नसते. यूएसबीमध्ये रूपांतर करणारी चिप मध्ये असते. एफटीडीआय या कंपनीच्या प्रचलित चिपांमध्ये आलेले बाइट काही काळ साठवून एकदम पुढे पाठविण्याची योजना आहे, आणि साठवणीची ही मर्यादा मुळात १६ मिलिसेकंद ठेवलेली असते. मोठ्या माहितीच्या वाहतुकीसाठी ती योजना उत्तम. एकेका छोट्या निरोपाच्या कामी मात्र तिच्यामुळे शून्यापासून १६ मिलिसेकंदांपर्यंतचा अनिश्चित विलंब मिसळतो. ज्या फरकाच्या शोधात आपण आहोत तो २०-३० मिलिसेकंदांचा! अनेक मापनांच्या सरासरीत हा गोंधळ काहीसा विरतो हे मान्य. पण त्यासाठी अधिक प्रयुक्त लागतात, आणि खरा परिणाम लहान असेल तर तो सापडतच नाही. चिपची ही मर्यादा एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येते. विंडोजमध्ये पोर्टच्या गुणधर्मांत आणि लिनक्समध्ये एका फाइलीत आकडा लिहून. ते अवश्य करावे.

तथापि योग्य मार्ग म्हणजे वेळ संगणकावर मोजूच नये. कळपेटीतील सूक्ष्मनियंत्रकानेच कळ दाबली गेल्याचा क्षण स्वतःच्या घड्याळाने टिपावा, आणि तो आकडा निरोपात पाठवावा. मग निरोप १६ मिलिसेकंदांनी उशिरा आला काय किंवा सेकंदाने आला काय, आकडा तोच राहतो. यात अडचण एवढीच की शब्द पडद्यावर केव्हा उमटला हे पेटीस ठाऊक नसते. तिला तारेवरून कळवू गेल्यास उलट दिशेने तोच विलंब लागतो. शिवाय 'राइट' ही क्रिया परतली म्हणजे बाइट पलीकडे पोहोचले असे नव्हे, ते केवळ साठ्यात पडलेले असतात. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात शब्दाबरोबरच एक पांढरा चौकोन उमटवून त्यावर प्रकाशसंवेदक लावावा, आणि तो त्याच सूक्ष्मनियंत्रकास जोडावा. आता आरंभ आणि अंत ही दोन्ही टोके एकाच घड्याळाने मोजली गेली. ऊनो फलकावरील मायक्रोसेकंदांचे घड्याळ चार मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक वाचन देते. मात्र ते ३२ बिटांचे असल्याने सुमारे ७१ मिनिटे ३५ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येते. लांबलेल्या बैठकीत वजाबाकी ऋण आली तर तीत ४२९४९६७२९६ मिळवावे. ते विसरल्यास असे एखादे मापन 'विक्षिप्त' म्हणून वगळले जाते आणि कारण कळत नाही.

निरोपाची रचना साधी असावी : अनुक्रमांक, घटनेचे नाव, काळ, आणि ओळीचा शेवट. अनुक्रमांकामुळे एखादा निरोप गळाला तर लगेच दिसते. समता-बिटावर भिस्त ठेवू नये. एका बाइटात दोन बिट बिघडले तर समता पूर्ववत होते. प्रत्येक शब्दापूर्वी आवक साठा रिकामा करण्याची एक प्रथा आहे, तीही मला पसंत नाही. साठा रिकामा करताना येऊ घातलेल्या निरोपाचा पूर्वार्ध जातो आणि उत्तरार्ध पुढच्या शब्दाच्या खाती जमा होतो. आलेले सर्व काही जसेच्या तसे बाइटांच्या स्वरूपात फाइलीत साठवावे आणि निवड नंतर करावी. प्रयुक्ताने वेळेपूर्वी दाबलेली कळ हीदेखील माहितीच आहे.

हे सर्व उपकरण नसतानाही तपासता येते. पत्त्यावरून पोर्ट उघडण्याची जी वेगळी क्रिया या लायब्ररीत आहे तिला 'लूप' हा पत्ता दिला, की पाठविलेले तेच परत वाचावयास मिळते. तेथे 'मान'चे नऊ बाइट पाच आणि चार असे तोडून, मध्ये प्रतीक्षेच्या मर्यादेहून अधिक वेळ थांबून पाठवावे, आणि आपला प्रोग्राम काय वाचतो ते पाहावे. विलंबाची परीक्षा मात्र अशी होत नाही. तीस खरी चिप हवी. नऊ टाचण्यांचे तोंड असलेल्या रूपांतरकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या टाचण्या एका तारेने जोडाव्यात, म्हणजे गेलेला बाइट तसाच परत येईल. असे हजारभर फेरे करून प्रत्येकास लागलेला वेळ नोंदवावा. केवळ सरासरी न पाहता सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही पाहावा, आणि ते तिन्ही प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात, उपकरणाच्या व चिपच्या नावासह, छापावेत.